'ग्रेड 2 फॅटी लिव्हर': चाकणच्या एका शिफ्ट कामगाराचे वर्षभराचे प्रकरण

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला सुपरवायझर. वय 46. मूळचा बीड जिल्ह्यातला, आता मोशीत बिऱ्हाड; घरी बायको आणि दोन मुलं. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत पोटाची सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टच्या शेवटी ठळक अक्षरात ओळ आली: 'ग्रेड 2 फॅटी लिव्हर'. दुखत काही नव्हतं, भूक चांगली होती, कामही नेहमीसारखं चालू होतं. शेजारी म्हणाले, लिव्हरला सूज आहे. मेहुणा म्हणाला, ग्रेड 2 म्हणजे अजून दोन पायऱ्या, मग सिरॉसिस. कारखान्यातला मित्र म्हणाला, माझं तर ग्रेड 1 आहे, सगळ्यांनाच असतं.

तिघांचंही चुकलं होतं, आणि चुकण्याचं कारण त्या 'ग्रेड' शब्दातच आहे. (हे प्रकरण एका माणसाची फाईल उघडून लिहिलेलं नाही. असे रुग्ण ज्या आकड्यांसह आणि ज्या चुकांसह येतात, त्यांतून ते बेतलेलं आहे. हिशेब मात्र कोणालाही स्वतःच्या रिपोर्टवर करून पाहता येतील.)

ग्रेड काय सांगतो

सोनोग्राफीवरचा ग्रेड म्हणजे पडद्यावर यकृत किती पांढरं, चमकदार दिसतं याचा अंदाज. शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा थोडं उजळ दिसलं तर ग्रेड 1. यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या तर ग्रेड 2. मागचा श्वासपटलही दिसेनासा झाला तर ग्रेड 3. हा डोळ्यांचा अंदाज असल्याने एकाच माणसाला दोन सेंटरवर दोन वेगळे ग्रेड मिळू शकतात. शिवाय चरबी साधारण 20 ते 30 टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय सोनोग्राफीत ती खात्रीने दिसत नाही. व्याख्येनुसार मात्र 5 टक्क्यांहून जास्त यकृतपेशींत चरबी असली की फॅटी लिव्हर सुरू झालं.

यकृताचं पुढे काय होणार हे ठरतं ते चरबीमुळे त्यात किती चट्टे पडले, ते किती कडक झालं यावर. याला फायब्रोसिस म्हणतात आणि त्याचे टप्पे एफ0 ते एफ4 असे मोजतात. एफ4 म्हणजे सिरॉसिस, चट्ट्यांनी भरून कडक झालेलं यकृत. ग्रेड आणि टप्पा या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. ग्रेड 3 असलेल्याचा फायब्रोसिस शून्य असू शकतो. उलट सिरॉसिस झाला की चरबी कमी होत जाते आणि रिपोर्टमधला ग्रेड खाली आलेला दिसतो. ग्रेड 1 वाल्या मित्राला म्हणूनच निश्चिंत राहता येत नाही, आणि आपल्या सुपरवायझरला घाबरायचं कारण अजून सिद्ध झालेलं नव्हतं.

पहिले दोन महिने वाया कसे गेले

पहिल्या रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) 78 आला. जवळच्या दवाखान्यातून लिव्हर टॉनिक आणि उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या मिळाल्या. ही गोळी पित्ताच्या काही आजारांत उत्तम काम करते, फॅटी लिव्हरमध्ये तिचा फायदा सिद्ध झालेला नाही. टॉनिकने नुकसान क्वचितच होतं. पण बाटली चालू आहे म्हणजे उपचार चालू आहे असं वाटत राहतं, आणि खरं काम तेवढं लांबतं.

याच्या जोडीला गावाकडून गुळवेलीचा काढा आला, रोज सकाळी अनाशेपोटी अर्धा ग्लास. दोन महिन्यांनी एसजीपीटी 164.

गुळवेल यकृताला चांगली असते हे आपल्याकडे इतकं रुळलेलं आहे की या आकड्याचा संबंध काढ्याशी लावायला घरात कोणी तयार नव्हतं. पण 2020 च्या उत्तरार्धात, करोनाकाळात घरोघरी काढे सुरू असताना, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी केली आणि 2021 मध्ये ती प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली होती. तो वाद इथे सोडवायची गरज नाही. एसजीपीटी वाढलेला असताना ज्याची मात्रा कोणालाच माहीत नाही असा काढा, भुकटी, वजन कमी करायची पावडर किंवा जिममधलं सप्लिमेंट घेऊ नये, आणि घेतलं असेल तर ते डॉक्टरांना सांगावं. बहुतेक जण सांगत नाहीत, कारण काढ्याला ते औषध समजतच नाहीत. म्हणून "कुठलं औषध चालू आहे?" या प्रश्नाने भागत नाही, "सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं?" असं विचारावं लागतं.

काढा, टॉनिक, गोळ्या सगळं थांबवलं. हिपॅटायटिस बी आणि सी च्या चाचण्या निगेटिव्ह आल्या. थायरॉइड ठीक, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) किंचित वाढलेलं, जे फॅटी लिव्हरमध्ये बरेचदा दिसतं. सहा आठवड्यांनी एसजीपीटी 81 वर उतरला. पुढचा सगळा हिशेब या स्थिरावलेल्या आकड्यांवर केला, आणि तेच बरोबर. यकृत काढ्याने किंवा काविळीने भडकलेलं असताना काढलेला फिब-4 (रक्ततपासणीच्या आकड्यांवरून फायब्रोसिसचा अंदाज देणारं सूत्र) आणि फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) दोन्ही आजार आहे त्यापेक्षा मोठा दाखवतात.

कागद-पेनाने होणारी तपासणी

फिब-4 ला लागते ती साधी रक्ततपासणी. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम), भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. याचे आकडे असे: वय 46, एसजीओटी 52, एसजीपीटी 81 (वर्गमूळ 9), प्लेटलेट 1.90 लाख.

46 × 52 = 2392. खाली 190 × 9 = 1710. उत्तर 1.40.

इथे हमखास होणारी चूक प्लेटलेटची. आपल्या लॅब प्लेटलेट लाखात छापतात. सूत्रात ते हजारात घालायचे. 1.90 लाख म्हणजे 190. कुणी 1.9 घालतं आणि उत्तर 140 बघून हादरतं.

1.3 च्या आत उत्तर आलं तर मोठा फायब्रोसिस असण्याची शक्यता फार कमी. वयाची 65 ओलांडलेल्यांसाठी हीच सीमा 2.0 धरतात. 2.67 च्या वर गेलं तर यकृततज्ज्ञाकडे जायलाच हवं. मधल्या पट्ट्यातल्यांनी फायब्रोस्कॅन करावा. पस्तिशीच्या आतल्यांना हे सूत्र नीट लागू पडत नाही. 1.40 मधल्या पट्ट्यात बसतं, म्हणून फायब्रोस्कॅन ठरला.

पहिल्या दिवशी तो नाईट शिफ्टवरून थेट गेला, वाटेत पोहे आणि चहा घेऊन. तंत्रज्ञाने परत पाठवलं आणि योग्य केलं. खाल्ल्यावर यकृताकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि यकृत आहे त्यापेक्षा कडक मोजलं जातं. किमान तीन तास पोट रिकामं हवं. रिपोर्ट हातात आल्यावर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. मोजमापं किमान 10 झालीत का, आणि 'आयक्यूआर' चं (मोजमापं एकमेकांपासून किती विखुरली याचा आकडा) मध्यकाशी, म्हणजे मधल्या आकड्याशी, प्रमाण 30 टक्क्यांच्या आत आहे का. पोटावर चरबीचा थर जाड असेल तर एक्सएल प्रोब लागतो; साध्या प्रोबने आकडा चुकीचा येतो.

दुसऱ्या खेपेला उपाशीपोटी कडकपणा 8.6 किलोपास्कल, आणि चरबी दाखवणारा कॅप आकडा 318 आला. 8 च्या आत दिलासा, 12 च्या वर गंभीर, मधे सावध. म्हणजे सिरॉसिस नाही, पण चट्टे पडायला सुरुवात झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. ग्रेड 2 या शब्दाने घरात जेवढी भीती घातली होती तेवढी परिस्थिती नव्हती, आणि 'सगळ्यांनाच असतं' म्हणून सोडून द्यावं इतकी साधीही नव्हती.

यकृताबाहेरचे आकडे

उंची 168 सेंमी, वजन 82 किलो, बीएमआय 29. भारतीयांत 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर 101 सेंमी. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा 90, स्त्रियांसाठी 80. रक्तदाब 138/88. एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) 6.3, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ट्रायग्लिसराइड 236, चांगलं कोलेस्टेरॉल 36, वाईट 138. वडिलांना 58 व्या वर्षी हार्ट ॲटॅक आला होता.

फॅटी लिव्हरच्या रुग्णांत मृत्यूचं पहिलं कारण हृदयविकार आहे, यकृत नव्हे. जून 2023 मध्ये या आजाराचं नाव जगभरात बदललं. 'नॉन-अल्कोहोलिक' हा शब्द गेला आणि चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेलं नाव आलं. नव्या रिपोर्टवर 'मासल्ड' (MASLD) असं दिसेल. कंबर, साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, चांगलं कोलेस्टेरॉल यांपैकी एक जरी बिघडलेलं असेल आणि यकृतात चरबी असेल, तर ते मासल्ड. दुसरं कारण सापडत नाही ना, एवढं पाहायचं.

दुसरं कारण म्हणजे मुख्यतः दारू. तो म्हणाला, "शनिवारी एक क्वार्टर, बस." बायको म्हणाली, "रविवारी मटण असलं की बिअर पण असते." हे उलटतपासणीसाठी विचारायचं नसतं. माणूस स्वतःचं पिणं कमीच मोजतो, आणि हिशेब ग्रॅमवर चालतो. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. 8 टक्क्यांच्या 650 मिली स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे 41 ग्रॅम. आठवड्याला 100 ग्रॅम झालं. पुरुषांसाठी 210 आणि स्त्रियांसाठी 140 ग्रॅमच्या वर गेलं तर निदान बदलतं. त्यामुळे निदान मासल्डच राहिलं, पण 8.6 कडकपणा असलेल्या यकृताला 100 ग्रॅमही जड आहेत. दारू पूर्ण बंद करायला सांगितलं.

वजन: किती, कशातून, किती वेगाने

3 ते 5 टक्के वजन उतरलं की यकृतातली चरबी कमी होऊ लागते. 7 टक्क्यांना सूज निवळायला लागते. चट्टे मागे फिरण्याची चांगली शक्यता 10 टक्क्यांपासून पुढे. 82 किलोच्या माणसासाठी याचा अर्थ: सहा महिन्यांत सुमारे 76, वर्षात 74. आठवड्याला अर्धा ते एक किलोपेक्षा वेगाने उतरवू नये. उपाशी राहून झपाट्याने वजन पाडलं तर यकृताची सूज वाढू शकते आणि पित्ताशयात खडे होतात.

रोज साधारण 500 कॅलरी कमी करायच्या होत्या. त्या कुठून काढायच्या यासाठी त्याच्या दिवसाकडे पाहिलं, छापील डाएट चार्ट दिला नाही. छापील चार्टमधला ओट्स आणि ग्रीन सॅलडचा दिवस चाकणच्या कॅन्टीनमध्ये उगवत नाही.

शिफ्टमध्ये पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर: रोज 50 ग्रॅम. दोन चहांवर आणून एकूण दोनच चमचे ठेवले. 160 कॅलरी वाचल्या. घरी परतताना रोज एक वडापाव होता, तो आठवड्यातून एकदा केला. रोजचे सरासरी 250. घरात चौघांना महिन्याला चार लिटर तेल लागत होतं. अडीच लिटरवर आणलं की माणशी रोज साडेबारा मिली, म्हणजे शंभरेक कॅलरी कमी. बेरीज 510. तेलाची गोष्ट स्वयंपाकघराच्या हातात असते, म्हणून बायकोला सोबत बोलावलं होतं. डब्यातून थेट कढईत ओतायचं नाही, महिन्याचं तेल पहिल्या तारखेला वेगळं काढून ठेवायचं, एवढी एकच युक्ती तिने उचलली आणि ती पुरली.

भाकरीबद्दल एक गैरसमज दूर करावा लागला. 50 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी आणि तेवढ्याच पिठाची बिनतेलाची चपाती यांच्या कॅलरी जवळपास सारख्याच. भाकरीने पोट लवकर भरतं आणि तेल लागत नाही, हा फायदा खरा. पण चार चपात्यांऐवजी चार जाड भाकऱ्या खाऊन वजन उतरत नाही. दोन भाकरी, वाटीभर मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, पालेभाजी, काकडी-मुळा, ताक असं ताट ठरलं. प्रथिनांसाठी रोज दोन अंडी, नाहीतर पिठलं आणि दही. रविवारचं मटण चालू ठेवलं, तर्री वरून काढून.

एकादशी आणि श्रावणी सोमवारचा प्रश्न बायकोनेच काढला. साबुदाण्याच्या खिचडीत निव्वळ स्टार्च, वर दाणे आणि तूप. उपवासाच्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त पोटात जायचं. राजगिऱ्याची भाकरी, ताक आणि एक फळ यावर तडजोड झाली. फळ चावून खायचं, रस नको, उसाचा तर नकोच. साखरेतलं फ्रुक्टोज मुख्यतः यकृतात जिरतं आणि जास्तीचं तिथेच चरबी होऊन बसतं. बिनसाखरेची कॉफी मात्र चालते. रोज दोन-तीन कप पिणाऱ्यांत चट्टे कमी आढळले आहेत.

व्यायाम: आठवड्याला 150 मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने चालणं. त्यात दोन दिवस खुर्चीवरून उठ-बस, भिंतीवर जोर, पाण्याचे पाच लिटरचे कॅन उचलणं. वजन न उतरताही व्यायामाने यकृतातली चरबी कमी होते. काटा हलत नाही म्हणून चालणं सोडणाऱ्याला हे आवर्जून सांगायला हवं.

औषधं

वाईट कोलेस्टेरॉल आणि वडिलांचा इतिहास पाहून ॲटोरवास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातलं औषध) 10 मिग्रॅ सुरू केलं. मेडिकलवाल्याने विचारलं, "लिव्हर खराब असताना ही गोळी?" आणि तो चार दिवस गोळी न घेता बसला. फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन सुरक्षित आहे. सिरॉसिस बळावून पोटात पाणी, कावीळ झालेल्या रुग्णांतच विचार करावा लागतो. ही भीती इतकी पसरलेली आहे की चिठ्ठीवरच तसं लिहून देणं बरं.

यकृतासाठी म्हणून औषध दिलं नाही. सॅरोग्लिटाझार या औषधाला भारताच्या औषध नियंत्रकांनी फॅटी लिव्हरसाठी 2020 मध्ये मान्यता दिली आहे. सहा महिन्यांत वजन हललं नाही तर ते विचारात घ्यायचं ठरलं. व्हिटॅमिन ई स्वतःच्या मनाने घेऊ नये. बायोप्सीने सूज सिद्ध झालेल्या, मधुमेह नसलेल्यांत 800 युनिटचा उपयोग दिसला, पण त्याच्या निम्म्या मात्रेवर पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचंही दुसऱ्या अभ्यासात आढळलं. अमेरिकेत रेस्मेटिरोमला 2024 मध्ये आणि सेमाग्लुटाइडला 2025 मध्ये मान्यता मिळाली, ती मध्यम ते मोठ्या फायब्रोसिससाठी. रक्तदाबाला गोळी न देता घरी मोजायला सांगितला. हिपॅटायटिस बी ची लस 0, 1 आणि 6 महिन्यांनी.

पाचव्या महिन्यातली अडचण

चार महिन्यांत 82 चे 77.6 झाले आणि मग सात आठवडे काटा तिथेच. आळस केला असं त्यालाही वाटत होतं. कारण वेगळंच निघालं: सलग नाईट शिफ्ट. घरी रात्री नऊला पूर्ण जेवण, कॅन्टीनला दोन वाजता पुन्हा पूर्ण ताट, सकाळी नाश्ता करून झोप. तीन जेवणांची चार झाली होती आणि चालण्याची वेळ झोपेत जात होती. मुख्य जेवण ड्युटीला निघायच्या आधी साडेआठला ठेवलं. दोन वाजता फक्त ताक आणि उकडलेली अंडी किंवा मूठभर फुटाणे. सकाळी बसमधून दोन थांबे आधी उतरून चालत घरी, मग झोप. तीन आठवड्यांत काटा पुन्हा हलला. शिफ्ट बदलणाऱ्या माणसाला एकच वेळापत्रक देणं ही सल्ला देणाऱ्याची चूक. प्रत्येक शिफ्टचं वेगळं वेळापत्रक पहिल्याच दिवशी लिहून द्यायला हवं होतं.

बारा महिन्यांनी

वजन 74.8, म्हणजे 8.8 टक्के कमी. कंबर 92. एसजीपीटी 36, एसजीओटी 29, प्लेटलेट 2.05 लाख, फिब-4 आता 1.11. एचबीएवनसी 5.8, ट्रायग्लिसराइड 148, घरचा रक्तदाब 126/80. फायब्रोस्कॅन 6.7, कॅप 266.

कारखान्याच्या तपासणीत सोनोग्राफी पुन्हा झाली आणि रिपोर्टवर लिहून आलं: 'ग्रेड 1 फॅटी लिव्हर'. तो निराश झाला; वर्षभर एवढं करून अजून आहेच. त्याला दोन्ही फायब्रोस्कॅन शेजारी ठेवून दाखवले. कडकपणा 8 च्या खाली गेला आहे, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावरून मागे सरकते आहे, आणि पुढच्या दहा वर्षांचा त्याचा हृदयाचा धोका घटला आहे. एसजीपीटी 36 ला लॅबने 'नॉर्मल' म्हटलं असलं तरी पुरुषांत खरा नॉर्मल 33 च्या आत धरतात. थोडं काम बाकी आहे.

पुढच्या चिठ्ठीवर असं आहे: वजन दर रविवारी, एकाच काट्यावर; दर सहा महिन्यांनी लिपिड, साखर, एसजीपीटी; फिब-4 वर्षाला; फायब्रोस्कॅन दोन वर्षांनी, उपाशीपोटी. पायावर सूज, पोट फुगणं, डोळे पिवळे, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर वाट न पाहता रुग्णालय. आणि शेवटची ओळ मोठ्या मुलासाठी, वय 17, वडिलांसारखीच कंबर: त्याचं वजन, साखर आणि एसजीपीटी या महिन्यात.